पुळणीवरचा पाया : अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या एका बांधकामाच्या नोंदी

17 फेब्रुवारी 2025, सोमवार

जागा पाहून आलो. नारळी-पोफळीची वाडी, पश्चिमेला तीनेकशे मीटरवर समुद्र, पूर्वेला 55 मीटरवर खाडीचा एक फाटा. दोन्हींच्या मधे ही वाळूची पट्टी. बांधायचंय तळमजला अधिक दोन मजले, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात 5 बाय 4 मीटरची जमिनीखालची पाण्याची टाकी. टाकीच्या कडेपासून सहा मीटरवर शेजारचं जुनं घर आहे. चुन्यातलं बांधकाम, पाया जेमतेम तीन फूट.

बोअरचा अहवाल हातात आहे. वर वीत-दोन वीत काळी वाडीची माती. मग 3 मीटरपर्यंत बारीक, एकसारख्या दाण्याची वाळू, एसपीटीचे (ठराविक वजनाचा घण मारून मातीचा घट्टपणा मोजायची चाचणी) ठोके 7 ते 9. तिथून 5.5 मीटरपर्यंत जरा दाट, ठोके 12 ते 16. त्याखाली करळ, म्हणजे शिंपले आणि वाळू चुन्याने सांधलेला थर, आणि मग कातळ. पाणी 1.3 मीटरवर. पायाला दर चौरस मीटरला 12 टन भार चालेल, असा शेरा.

पाणी जानेवारीत मोजलंय. पावसाळ्यात ते कुठे असतं याबद्दल अहवालात एक ओळ नाही. शेजारच्या वाडीत रहाटाची जुनी विहीर आहे. तिथे गेलो. आतल्या दगडांवर हिरवट-काळी रेघ दिसते, जमिनीपासून वीतभर खाली. वाडीचे मालक, सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणाले, "श्रावणात दोर लागत नाही. वाकून कळशी भरते." म्हणजे डिझाइनला पाणी 20 सेंटिमीटरवर धरायचं. टाकीसाठी तर थेट जमिनीलाच.

20 फेब्रुवारी, गुरुवार

हिशेब मांडला. ओलसर वाळू घनमीटरला 1.8 टन भरते. तीच पाण्यात बुडाली की तिचं परिणामी वजन 0.95 टन. वाळूत चिकटपणा नसतो, तिची सगळी ताकद एका दाण्याने दुसऱ्यावर टाकलेल्या दाबातून येते. पाणी चढलं की तो दाब जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि ताकदही त्याच्या मागून जाते.

फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, 1.2 मीटर खोल घेतलं तर बाजूच्या मातीचं ओझं आज चौरस मीटरला 2.16 टन. हेच ओझं फुटिंगखालची वाळू बाजूने उसळू देत नाही. श्रावणात पाणी 20 सेंटिमीटरवर आलं की ते 1.31 टनांवर उतरतं. शिवाय पायाच्या ताकदीच्या भारतीय मानकात, आयएस 6403 मध्ये, पाणी पायाच्या तळाशी किंवा त्याच्या वर असेल तर सूत्रातल्या फुटिंगच्या रुंदीशी निगडित पदाला 0.5 ने गुणायला सांगितलंय. दोन्ही मिळून अहवालातले 12 टन माझ्याकडे 8 वर आले. वाळू बसण्याचंही तसंच; पाणी तळाशी आलं की कोरड्याच्या साधारण दुप्पट धरायची पद्धत आहे.

आतल्या कॉलमवर 36 टन. 12 टनांनी 1.75 मीटरचं चौकोनी फुटिंग पुरलं असतं, 8 टनांनी 2.1 मीटर लागतं. कॉलममधलं अंतर 3.5 मीटर. फुटिंगं एकमेकांना खेटायला लागली.

बांधकामाच्या मालकांचा फोन. "साहेब, मग पाया खोल घ्या ना. दोन-अडीच मीटर जाऊ, मजबूत होईल." बहुतेकांना असंच वाटतं, आणि घाटावर मुरूम लागेपर्यंत खोल जाणाऱ्याला ते बरोबरच आहे. इथे मात्र 1.3 मीटरखाली गेलं की पाण्यात हात घालायचा, आणि अडीच मीटरलाही तीच वाळू, थोडी दाट इतकंच. खोल जाण्याने कागदावर जे मिळेल ते पाणी उपसताना वाळू सैल करून घालवून बसू. 1.2 मीटरवरच थांबायचं. सुटी फुटिंगं रद्द करून उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी, वर बीम. आयएस 1904 प्रमाणे वाळूवरच्या सुट्या फुटिंगांना कोनीय फरक (दोन कॉलमांच्या बसण्यातला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर) 1/666 पर्यंत चालतो, 3.5 मीटरला तो सव्वापाच मिलिमीटर भरतो. एका कोपऱ्याखाली थोडी वाळू हलली तरी सव्वापाच मिलिमीटर सहज जातात. जाळी निदान तो फरक वाटून घेते.

मालकांनी भूकंपाचंही विचारलं. प्रश्न रास्त आहे. 1964 मध्ये जपानच्या निगाता शहरात चांगल्या बांधलेल्या अपार्टमेंट इमारती सबंधच्या सबंध आडव्या कलल्या. भिंतींना फारसं काही झालं नव्हतं, खालची पाणी भरलेली सैल वाळू धक्क्यांनी काही क्षण द्रवासारखी झाली होती. आपल्याकडे 2001 च्या भूज भूकंपात रणात वाळू-पाण्याचे फवारे उडाले, तेही त्यातलंच. इथली ठोके 7 ते 9 ची बुडालेली बारीक वाळू त्या धोक्यातून सुटलेली नाही. जुन्या घराला खेटून जमिनीत कंपनं देऊन वाळू दाबण्याचा पर्याय नाही. पट्ट्यांची जाळी घेण्याचं हे दुसरं कारण.

3 मार्च, सोमवार

टाकीच्या खड्ड्याचा विचार. इमारतीचा पाया पाण्याच्या वर राहतोय, टाकी नाही. पीसीसी (तळाचा साध्या काँक्रीटचा थर) धरून खणायचं 2.5 मीटर, म्हणजे पाणी 3 मीटरपर्यंत उतरवायला हवं. आत्ताच्या पातळीपेक्षा 1.7 मीटर खाली.

वाळूचा चाळणी नमुना पाहिला. दहा टक्के दाणे 0.12 मिलिमीटरपेक्षा बारीक. हेझनच्या सूत्राने पारगम्यता, म्हणजे पाणी पुढे जाऊ द्यायची वाळूची क्षमता, सेकंदाला 0.0144 सेंटिमीटर, दिवसाला साधारण 12 मीटर. याचा अर्थ पाणी रोज 12 मीटर पळतंय असा नाही. आज इथे भूजलाचा खाडीकडचा उतार 200 ला 1 आहे. डार्सीच्या नियमाने, आणि वाळूतली पोकळी 41 टक्के धरून, पाणी दिवसाला 15 सेंटिमीटर सरकतं. इतक्या संथ पाण्याने दाणा हलत नाही. खड्ड्यात पंप टाकला की हाच उतार खड्ड्याच्या कडेला 3 ला 1 होऊ शकतो, आणि पाणी दिवसाला 10 मीटरने धावतं. वाळू तीच, पाणीही तेच.

उपशाचा परिणाम किती लांब जाईल? सिखार्टच्या ठोकताळ्याने 60 मीटर. तात्यांचं घर सहा मीटरवर, विहीर त्यामागे. दोन्ही आत येतात. स्थिर झाल्यावर खड्ड्यात सेकंदाला जवळपास 2 लिटर पाणी येईल. दिवसाला 165 घनमीटर, दहा हजारवाले सोळा टँकर.

सांगितलं ते असं: खड्ड्यात मडपंप (गढूळ पाणी ओढणारा पंप) टाकून उपसायचं नाही. आधी भोवतीने वेलपॉइंट, म्हणजे तोंडाला जाळी असलेल्या पाणी ओढायच्या बारीक नळ्या, मग खणणं. ठेकेदाराने मान डोलावली. वेलपॉइंटचा संच पनवेलहून भाड्याने येणार, तारीख नक्की नाही.

तात्यांच्या उत्तरेकडच्या भिंतीला जुनी तडा आहे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी. तिच्यावर आडवी काचपट्टी सिमेंटने चिकटवली आणि काचेवर तारीख लिहिली. तडा रुंदावली तर काच तुटते, भिंत खोटं बोलू शकत नाही. फोटो काढून तात्यांनाही पाठवले. उद्या वाद झाला तर दोन्हीकडे एकच पुरावा असावा.

आज 3 मार्च. 2009 मध्ये याच दिवशी जर्मनीतल्या कोलोन शहराचं अभिलेखागार कोसळलं. शेजारी मेट्रोचा खोल खड्डा होता, त्याच्या जमिनीखालच्या काँक्रीट भिंतीत एक सदोष भाग राहिला होता. तिथून पाणी आणि त्याबरोबर वाळू-रेव खड्ड्यात शिरली, आणि वरच्या इमारतीखालचा आधार गेला. शेजारच्या घरातले दोघे तरुण मेले. दहाव्या शतकापासून साठत गेलेली शहराची कागदपत्रं चिखलात गेली. आपलं काम त्याच्या नखाएवढं आहे. सहा मीटर मात्र इथेही सहाच मीटर.

11 मार्च, मंगळवार

निरीक्षणाच्या तीन पीव्हीसी नळ्या आधीच बसवल्या होत्या, खाली जाळी, भोवती धुतलेली खडी: एक खड्ड्याच्या कडेला, एक तात्यांच्या भिंतीलगत, एक खाडीच्या बाजूला.

एक मजेची गोष्ट. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं, पण 55 मीटरवरच्या आपल्या नळीत त्याची खूण नाही. इतक्या झटपट येणाऱ्या लाटेला वाळू पहिल्या काही मीटरांतच जिरवते. दिसतो तो उधाण-भांगाचा (मोठ्या आणि लहान भरतीचा) पंधरवड्याचा फेरा, आणि तोही पाच-सहा सेंटिमीटरचा. पंधरा दिवसांच्या सावकाश चढ-उताराला आत यायला वेळ मिळतो. तात्यांच्या वहीत विहिरीची पातळी वर्षानुवर्षं पौर्णिमा-अमावास्येला लिहिलेली आहे. नळ्या तेच दाखवताहेत.

तात्यांचं म्हणणं: "विहीर खणायची ती वैशाखात, आणि भांगाला. उधाणाला खणू नये, रेती चालते." पाच-सहा सेंटिमीटरने रेती चालत नाही, असं माझं मत. पण भांगाला खणायला वेगळा खर्च पडत नाही, तेव्हा मोठी कामं भांगाला ठेवतोय.

13 मार्च, गुरुवार

सकाळी साइटवर पोचलो तर खड्डा खणलेला. वेलपॉइंट आलेले नाहीत. शिमग्याआधी तळ गाठायचा म्हणून काल दुपारपासून जेसीबी लावला, कोपऱ्यात डबकं काढून त्यात मडपंप टाकला. मुकादमाचं म्हणणं, "साहेब, पंप चालू ठेवला की सुकतंय. रात्रभर चाललाय."

सुकत नव्हतं. डबक्याभोवती तीन-चार ठिकाणी वाळू खालून वर येत होती, भात रटरटतो तशी. प्रत्येक बुडबुड्याभोवती बारीक वाळूचं कडं, मध्ये भोक, भोकातून पाणी. एका ठिकाणी गजाचा तुकडा नुसता हाताने ढकलला, कोपरापर्यंत आत गेला. शेजारी एक मीटरवर तोच गज वीतभरही जात नव्हता.

बाहेर पाणी 1.3 मीटरवर, डबक्यात 2.5 वर. म्हणजे 1.2 मीटरचा फरक, आणि वाळूतून यायचा रस्ता जेमतेम दीड मीटर. उतार 0.8, डबक्याच्या काठाशी त्याहून जास्त. या वाळूचा धोक्याचा उतार 0.97 निघतो: दाण्याची घनता 2.65, त्यातून पाण्याचा 1 वजा, भागिले 1.7 (1 अधिक पोकळी आणि दाणे यांचं गुणोत्तर 0.7). वर येणारं पाणी तेवढ्या जोराने ढकलू लागलं की दाण्यांचं वजन पाण्यानेच उचललं जातं आणि वाळूची ताकद शून्यावर येते. नेमकं तेच समोर चाललं होतं.

पंपाच्या पाइपाखाली काचेची बरणी धरली. लिटरभर पाण्यात साधारण ग्रॅमभर वाळू, बोटात कचकचणारी. ऐकायला काहीच नाही. सेकंदाला 2 लिटर धरले तर तासाला सात किलो, चोवीस तासांत 170 किलो. जमिनीखाली दर दिवशी शंभर लिटर मापाची पोकळी. ती पोकळी खड्ड्याखालीच राहील असं नाही. पाणी जिकडून येतं तिकडे ती सरकत जाते, आणि पाणी तात्यांच्या घराखालूनही येत होतं.

पंप बंद करवला. मुकादमाला वाटलं मी चिडून बंद करतोय. पाणी चढू देणं हाच इलाज आहे, हे त्याला पटवायला वेळ लागला. आत-बाहेर पाणी सारखं झालं की ढकलणारं कोणी उरत नाही. तळावर आधी जाडी वाळू, त्यावर बारीक खडी, वर पोती टाकली. पाणी जाऊ दे, दाणा अडू दे. बुडबुड्यांवर नुसती माती टाकून भोक बुजवलं तर ते शेजारी फुटतं. तासाभरात बुडबुडे थांबले.

मग तात्यांकडे गेलो. काचपट्टी तुटलेली. तडेत एक मिलिमीटर वाढ. तात्यांना ती दाखवली, लिहून दिलं, मालकांना तिथूनच फोन केला. भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च मालकांकडून, ठेकेदाराच्या बिलातून वळता.

तात्या एवढंच म्हणाले, "उधाण होतं." पौर्णिमा उद्याची, खरं आहे. पण पाच-सहा सेंटिमीटरांचं उधाण कुठे आणि रात्रभरचा मडपंप कुठे.

17 मार्च, सोमवार

होळीची सुट्टी संपली. ठेकेदाराबरोबर बैठक. त्याचा मुद्दा खोटा नव्हता: या गावात चार टाक्या त्याने मडपंपानेच बांधल्यात. त्या टाक्यांना सहा मीटरवर शेजार नव्हता आणि खोली दीड मीटर होती.

नुसतं पाणी उतरवलं तर काय होतं, हे त्याच्या कागदावर लिहून दाखवलं. पाणी एक मीटर उतरलं की तिथली वाळू बुडलेल्याची ओलसर होते, खालच्या थरावर चौरस मीटरला 0.85 टन जास्त ओझं. या वाळूत त्याने घर एक-दोन मिलिमीटर बसेल, तेही लगेच आणि सगळीकडून सारखं. चिकणमाती असती तर महिनोन् महिने बसत राहिलं असतं. इथे घराला भीती पाणी उतरण्याची नाही, वाळू निघण्याची आहे. मडपंपाला ओपन पाइपातून वाळूही चालते. वेलपॉइंटच्या तोंडाला जाळी, भोवती गाळणीची वाळू.

वाळू पळवणारं पाणी हा जुना शत्रू आहे. गंगेवरच्या नरोरा बंधाऱ्याची फरशी 1898 मध्ये खालच्या पाण्याच्या दाबाने उचकटली. अभियंता ए. एन. खोसला यांनी 1936 मध्ये बंधाऱ्याखालच्या वाळूतून पाणी बाहेर पडताना त्याचा उतार किती असावा याचं गणित मांडलं, ते आजही धरणवाले वापरतात. घरं बांधणाऱ्यांकडे ते फारसं पोचलं नाही.

30 मार्च, रविवार. गुढीपाडवा

साइट बंद. वेलपॉइंटचा ट्रक काल रात्री आला.

4 एप्रिल, शुक्रवार

खड्ड्याभोवती 34 मीटरची कडी, दर 1.2 मीटरवर एक असे 28 वेलपॉइंट, टोकं 4.5 मीटरवर. पाण्याच्या झोताने उतरवले, भोवती जाडी वाळू ओतली. सगळे एका हेडरला (समाईक पाइपला), वर व्हॅक्यूम पंप. ओढून पाणी उचलायची याची ऐपत पाच-सहा मीटरपर्यंतच. आपलं काम त्यात बसतं. यात पाणी खड्ड्यात वर येत नाही, कडेने खाली ओढलं जातं. उतार उलटा झाला की तळाची वाळू सैल होण्याऐवजी दाबली जाते.

उपसलेलं पाणी नाल्यात सोडायचं नाही, असं ठरवलं. खड्डा आणि तात्यांचं घर यांच्यामध्ये 60 सेंटिमीटर रुंद, मीटरभर खोल चर काढला, खडीने भरला, पाणी त्यात सोडलं. घराखालची पातळी टिकते आणि विहीरही.

विहिरीचा मुद्दा वेगळा आहे आणि माझ्या मते पायाइतकाच महत्त्वाचा. या पट्टीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गायबेन-हर्झबर्गचा ठोकताळा सांगतो की समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडं. इथे कातळ आधीच लागतो, म्हणून आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही, पण दिशा तीच: वरचं थोडं उतरवलं की खालचं खारं भरपूर वर येतं. सुपारीला मचूळ पाणी सोसत नाही. एक बाग जळली तर टाकीच्या किमतीचा प्रश्नच उरत नाही. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप, रोज मोजतोय.

9 एप्रिल, बुधवार

खड्ड्यालगतच्या नळीत पाणी 3.05 मीटरवर, तात्यांच्या भिंतीलगत 1.45 वर. सुरुवातीपेक्षा फक्त 15 सेंटिमीटर खाली. चर काम करतोय. हेडरमधून पाणी स्वच्छ; बरणी तासभर ठेवली, तळाशी काही नाही.

नवी काचपट्टी शाबूत.

21 एप्रिल, सोमवार

भांग. तळ उघडला. मार्चमधल्या बुडबुड्यांची जागा शोधायला गज ठोकत फिरलो. साधारण दोन बाय दीड मीटरच्या भागात गज सहज जातो, 40 सेंटिमीटरपर्यंत. ती सगळी वाळू काढली. जागी वाळू-खडीचं मिश्रण, वीत-वीत थरात, प्लेट कॉम्पॅक्टरने दाबून. मुकादमाने स्वतःच गज मारून पाहिला आणि थर पुन्हा दाबायला लावला. शिमग्याला पंप रात्रभर चालवणारा हाच माणूस. त्याला एकदा बुडबुडा दिसला की पुरे होतं.

दुपारी पीसीसी.

22 एप्रिल, मंगळवार

टाकीचा तरंगण्याचा हिशेब पुन्हा तपासला, कारण तळाची सळई उद्या बांधायची आहे आणि नंतर बदल शक्य नाही. मूळ नकाशात तळ भिंतींच्या बाहेर 300 मिलिमीटर काढलाय. पाणी जमिनीला टेकलं आणि टाकी रिकामी असली तर सगळं काँक्रीट आणि तळाच्या कडेवरची माती मिळून 53.5 टन, पाण्याचा उचल 49.4 टन. गुणोत्तर 1.08. हवं 1.2. कडा 450 मिलिमीटर केली: 61.8 टनांना 50.2, म्हणजे 1.23. तळाच्या कडेवर बसणारी वाळू फुकटचं ओझं आहे, भिंती जाड करण्यापेक्षा स्वस्त.

8 मे, गुरुवार

तळ आणि भिंती झाल्या. इमारतीच्या पट्ट्याही भरल्या, कॉलम जोत्यापर्यंत आले. ते खड्डे 1.2 मीटरचेच असल्याने कोरडे राहिले; आता पाणी 1.5 वर गेलंय. टाकीचा स्लॅब राहिला. सेंट्रिंगवाले लग्नसराईला गावी.

वेलपॉइंट बंद केले, एकदम नाही. निम्मे आज, बाकीचे दोन दिवसांनी. पाणी हळू चढू द्यायचं. टाकीभोवतीची भरणी स्लॅबनंतर, असं ठेकेदाराचं म्हणणं. सेंट्रिंगच्या टेकूंना जागा हवी म्हणतो. मी नको म्हणालो. स्लॅब नाही आणि भरणी नाही अशा टाकीचं वजन फक्त 36 टन. पाणी जमिनीखाली 70 सेंटिमीटरपर्यंत आलं की ती उचलली जाईल. "पाऊस अजून महिनाभर लांब आहे," असं उत्तर मिळालं. शेवटी दोन बाजूंना भरणी, दोन बाजू मोकळ्या, असा तोडगा निघाला. तो मला पटलेला नाही.

21 मे, बुधवार

काल संध्याकाळपासून वळीव. साधा नाही, धो धो. मोकळ्या दोन बाजूंत छपराचं आणि रस्त्याचं पाणी घुसतंय. कडेची नळी: 1.5 वरून 1.1.

24 मे, शनिवार

पाऊस थांबत नाही. नळीत 0.85. केरळात मोसमी पाऊस आज पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. इथेही महिनाभराची गोष्ट राहिलेली दिसत नाही. टाकी 0.70 ला उचलणार, अंतर 15 सेंटिमीटर.

पंप परत लावायचा नाही. आता बाहेरचं पाणी उतरवायला गेलो तर पुन्हा मार्चचीच वाट. टाकीच भरायची. आतली जागा 4.6 बाय 3.6, मीटरभर पाणी म्हणजे 16.6 टन. 36.1 अधिक 16.6, एकूण 52.7. पाणी अगदी जमिनीला आलं तरी उचल 50.2 च. तात्यांच्या विहिरीवरून पाइप टाकला, तात्यांनीच मोटर सुरू केली. संध्याकाळी टाकीत 1.05 मीटर.

ठेकेदाराला हे उफराटं वाटलं. बाहेर पाणी चढतंय म्हणून आत पाणी सोडायचं?

26 मे, सोमवार

मोसमी पाऊस आज मुंबईत पोचल्याचं जाहीर. नेहमीची तारीख 11 जून. 1950 पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर कधी नाही. उद्या अमावास्या, म्हणजे उधाणही याच वेळी. नळीत दुपारी 0.40.

टाकीच्या चारही कोपऱ्यांची पातळी ऑटो लेव्हलने घेतली. 8 मेच्या नोंदीपेक्षा फरक एका मिलिमीटरच्या आत. तेवढी यंत्राचीच चूक धरतो. इमारतीच्या जोत्याच्या खुणा तशाच.

मोकळ्या दोन बाजूंत कडेची वाळू मात्र ढासळली. ओलसर असताना उभी राहणारी कड पाणी चढल्यावर टिकत नाही. ओलाव्याची तात्पुरती चिकटण असते, दाणे बुडाले की ती संपते. भिंतीलगत कोणी उतरू नये म्हणून बांबू बांधले.

5 जून, गुरुवार

पावसाने उघडीप दिली आहे. टाकीचा स्लॅब भरला. त्याआधी उरलेल्या दोन बाजूंची भरणी वीत-वीत थरात केली. टेकू बाहेरून न देता आतूनच दिले, आणि टेकूंपुरतं पाणी 60 सेंटिमीटरवर आणलं. बाहेर पाणी 0.75 ला उतरलंय, आणि चारही बाजूंची माती कडेवर बसलीय, म्हणून ते चाललं.

28 जून, शनिवार

नळीत पाणी 0.25. तात्यांच्या विहिरीवरची रेघ खरी ठरतेय. स्लॅबला तीन आठवडे झाले, टाकी रिकामी करून पाहिली, कोपरे हलले नाहीत. गळतीही नाही.

जोत्याच्या खुणा: सगळ्यांत जास्त बसलेला कॉलम 4 मिलिमीटर, सगळ्यांत कमी 2. वर अजून दोन मजल्यांचं ओझं यायचंय, तेव्हा हे आकडे शेवटचे नाहीत.

मालकांना लिहून दिलेलं. छपराचे पन्हाळी पाइप पट्ट्यांच्या पायापाशी सोडायचे नाहीत. एकाच जागी रोज पडणारं पाणी वाळूत आपली वाट काढतं. सेप्टिकचा शोषखड्डा नकाशात ईशान्य कॉलमपासून अडीच मीटरवर दाखवलाय, तो खाडीच्या उताराकडे, इमारतीच्या पलीकडे न्यायचा, आणि विहिरीपासून लांब. मधला खडीचा चर बुजवायचा नाही, पुढे कधी टाकीभोवती दुरुस्ती निघाली तर लागेल. बोअर मारायचा विचार असेल तर आधी विचारायचं.

विहिरीची वाहकता एप्रिलपेक्षा थोडी कमीच, पावसाने. तात्यांच्या भिंतीची तडा पॉइंटिंग करून घेतली, पण काचपट्टी ठेवलीय. पाणी चढताना काही झालं नाही, उतरताना पाहायचं आहे. पुढची पातळी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा पहिल्या मजल्याचा स्लॅबही झालेला असेल.